कडूबाईच्या छातीतली चोई

नवसाच्या कंदुरीचा बोकड सकाळपासून कांद्याच्या चाळीला बांधला होता आणि कडूबाई खोकली की तो दावं ताणून उभा राहत होता. त्यात त्या मुक्या जनावराचा काही दोष नव्हता. कडूबाईचा खोकला पार बेंबीपासून निघायचा, छातीत दोन गिरक्या घ्यायचा आणि बाहेर पडला की चाळीतल्या कांद्यांची वरची साल आपोआप सुटायची. गेल्या पावसाळ्यात ती अशीच एकदा खोकली, तर तिसगावकडं निघालेली एस.टी. कुणीतरी हाक मारली समजून थांबली आणि ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, "कोन येतंय?" हे खुद्द कडूबाई सांगायची, ड्रायव्हरच्या मिशीसकट.

तिच्या नातवाची, अमृतची बायको स्नेहल बाळंत होऊन लेकरू घरी आलं, त्या दिवसापासून कडूबाईचा मुक्काम चाळीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत होता. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वळकटी वेगळी. कुणी तोंडानं वाकडं बोललं नव्हतं. सगळे इतक्या आदरानं लांब राहत होते की देवळातल्या देवीलासुद्धा कंटाळा यावा.

रतनबाईनं, तिच्या सुनेनं, चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली.

"आत्याबाई, चहा ठिवलाय."

"सरकव की अजून जरा लांब. मांजराला बी यापेक्षा जवळ ठिवत्यात."

"तसं न्हाई ओ आत्याबाई. लेकरू लहान हाय."

"मला काय म्हाईत? मी जन्माला आले तवाच सत्तर वरसांची हुते."

रतनबाईला हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं. सासूच्या बोलण्याला हसलं की माणूस तिच्या बाजूचं होऊन जातं, हे तिला तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. आणि सध्या तिला आजी म्हणून नातीच्या बाजूला उभं राहायचं होतं.

"रविवारी बारसं हाय," कडूबाई म्हणाली. "ह्या घरात लेकराला पाळन्यात घालायच्या आदी पहिली मांडी थोरलीची असती. तुझ्या नवऱ्याला, आदिनाथाला, माझ्या सासूनं घेतलं, अमृतला आन् पंकजाला मी घेतलं. आता?"

रतनबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "नाना म्हनत्यात, ह्या टायमाला माझी मांडी चालंल."

नाना म्हणजे सूर्यभान, कडूबाईचा धाकटा दीर. घरातला कर्ता पुरुष तोच. नानाचा शब्द घरात कुणी मोडत नसे, कारण नानाला खोटं बोलता येत नसे. बैल विकायला नेला तर गिऱ्हाइकानं दात बघायच्या आधी हाच सांगायचा की पुढच्या डाव्या पायानं लंगडतोय. अशा माणसानं एखादी गोष्ट ठरवली की तिच्याशी भांडायला जागाच उरत नाही.

आणि नानाला कारणही होतं. आज जिथं पत्र्याची खोली होती, तिथं पन्नास वर्षांपूर्वी पाचटाचं छप्पर होतं, आणि त्या छपरात त्याचा थोरला भाऊ अजिनाथ, कडूबाईचा नवरा, क्षयानं झिजून गेला होता. सगळा गाव लांब झाला तेव्हा कडूबाई एकटी आत राहिली होती. नाना तेव्हा ओठावर मिसरूड नसलेला पोरगा. तो रोज छपराच्या दाराशी भाकरी ठेवायचा आणि पळायचा. त्या पळण्याचं भय अजून त्याच्या पायात होतं.

कडूबाईचा खोकला मात्र क्षयाचा नव्हता, आणि तो कशाचा आहे हे तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

अमृतच्या लग्नातली गोष्ट. बाकी जेवणावळ ठेकेदाराच्या ताटांत झाली तरी देवकाची पहिली पंगत घरी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळीवरच बसली पाहिजे, असा ह्या घराचा रिवाज. ओसरीवर बायका बसल्या होत्या, मधोमध कडूबाई. पानावर पान ठेवायचं, बांबूची काडीसारखी बारीक चोई खुपसायची, मोडायची, पुढचं पान. हात रिकामे राहावेत म्हणून चोयांची जुडी ओठांत धरायची. आणि ओठांत चोया धरून कडूबाई गोष्ट सांगत होती. तिसगावच्या बाजारात तिनं कोंबडा विकला, पैसे कनवटीला लावून ती घरी आली, तर कोंबडा तिच्या आधी येऊन ओसरीवर बसलेला, आणि वर तिलाच म्हणतो, "काय गं, किती आले माझे?" बायका हसल्या. कडूबाईला स्वतःच्या गोष्टीचं सगळ्यांपेक्षा जास्त हसू यायचं. तिनं हसायला मोठा श्वास आत ओढला आणि एक चोई श्वासाबरोबर गेली.

डोळे पांढरे झाले, ठसका लागला, पाठीत बुक्क्या बसल्या. थोड्या वेळानं ठसका थांबला.

"चोई आत गेली," कडूबाई म्हणाली.

"आन् कोंबडा?" कुणीतरी विचारलं, आणि ओसरी पुन्हा हसून लोळली.

तिथून पुढं खोकला. मग ताप. मग उजव्या बरगडीखाली कळ आणि घाण वासाचा बेडका. पाथर्डी झालं, शेवगाव झालं. दरवेळी औषधानं ताप उतरायचा आणि महिन्याभरात परत यायचा. दरवेळी कडूबाई डॉक्टरला सांगायची, "साहेब, आत चोई गेलीया." आणि दरवेळी शेजारी उभा असलेला आदिनाथ, तिचा सख्खा लेक, हळूच डोळे मिचकावून म्हणायचा, "डॉक्टर, मनावर घेऊ नका. आईला गोष्टी सांगायची सवय हाय." एकानं तर संशयावर क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. त्याही कडूबाईनं सहा महिने इमानानं गिळल्या. लघवी लाल झाली, खोकला जागचा हलला नाही.

*

दुपारी पंकजा आली. अमृतची धाकटी बहीण, नगरला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. येताना तिनं ओसरीवरच्या लेकराकडंही बघितलं नाही. सरळ पत्र्याच्या खोलीत शिरली आणि आजीच्या वळकटीवर मांडी घालून बसली.

"अगं, लांब बस. तुज्या बापाला चक्कर यील."

"आजी, ती चोई केवढी होती?"

कडूबाईनं नातीकडं निरखून बघितलं. चेष्टा करणाऱ्याचा चेहरा तिला अंधारातसुद्धा ओळखता यायचा. हा तो चेहरा नव्हता.

"बोटाची दोन पेरं आसंल. का गं?"

"आमच्याकडं छातीच्या वॉर्डात एक बाई आली होती. वर्षभर दम्याची औषधं खात होती. दुर्बिणीनं बघितलं तर नळीत चिंचोका." पंकजानं खाली बघितलं. "तुझे जुने फोटो मी मागवून घेतले, आजी. दरवेळी डाग एकाच जागी आहे. उजवीकडं, खाली. क्षयाचा डाग सहसा वरच्या अंगाला असतो. आणि लाकूड एक्स-रेत दिसतच नाही."

"मंग जा की, सांग तुज्या बापाला."

"सांगून ऐकणार नाहीत. दाखवते."

बाहेर तोवर बोकड पडला होता. कंदुरीला स्वयंपाक पुरुषांचा. दगडांच्या चुलींवर पातेली चढली होती, मुलाणी कातडं सोलून वाटे घालत होता आणि नाना खाटेवर बसून मसाल्याची राखण करत होता. पंकजा मुलाण्याजवळ गेली.

"चाचा, फोपसं तोडू नका. नरड्याच्या नळीसकट अख्खं द्या."

"ताई, ते तर कुत्र्यालाबी आवडत न्हाई."

"मला आवडतं."

तिनं ते परातीत धुऊन घेतलं. काळपट लाल, ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. मग बांधावरच्या पपईचं एक पान तोडून आणलं, त्याचा पोकळ देठ नळीत घातला, वरून घट्ट धरलं आणि फुंकलं.

फोपसं उठलं. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग सगळंच भाकरीसारखं टम्म फुगलं, आणि लाल रंग जाऊन कोवळा गुलाबी झाला. चुलीपाशी मसाला ढवळणाऱ्यांचे हात थांबले. ओसरीवरून बायका उतरल्या. स्नेहलसुद्धा लेकरू खांद्यावर घेऊन आली आणि रतनबाईनं तिला पदरानं मागं सारलं.

"हे बोट लावून बघ, पप्पा," पंकजा बापाला म्हणाली.

आदिनाथनं घाबरत बोट दाबलं. आत कुरकुर वाजलं. "आयला! थर्माकोलवानी लागतंय."

"सगळी हवा आहे. डोळ्याला दिसणार नाहीत असे फुगे, द्राक्षाच्या घोसासारखे. एवढं मोठं दिसतं, पण पाण्यात टाकलं तर तरंगतं." तिनं बादलीत टाकून दाखवलं. तरंगलं.

"मंग वैनीचं बी तरंगंल," खाटेवरून नाना म्हणाला.

"सगळं नाही तरंगणार, नाना. उजवीकडची खालची पाकळी बुडेल. तिथं हवा पोचतच नाही, पू भरलाय. माणसाच्या उजव्या फुप्फुसाला तीन पाकळ्या, डाव्याला दोन. डावीकडं काळजाला जागा द्यावी लागते."

"म्हंजी डावीनं सरकून बसायचं," उंबऱ्यातनं कडूबाई ओरडली. "धाकट्या सुनंवानी!"

बायकांत खसखस पिकली. नाना हसला नाही.

पंकजानं फोपसं नळीला धरून उभं टांगलं. आदिनाथच्या हातात बांबूची एक बारीक चोई दिली. "टाक आत."

"मी?"

"तूच. डॉक्टरांना डोळे तूच मिचकावत होतास ना?"

आदिनाथचा चेहरा फोपशापेक्षा लाल झाला. त्यानं चोई सोडली. पंकजानं नळी हलवली, बोटांनी चाचपली आणि खाली एका जागी दाबून धरलं. "लागतीये का?"

"लागतीया. टोचतीया."

"कोणती बाजू?"

"उजवी."

"बोकडाला उजवीकडं माणसापेक्षा एक फाटा जास्त असतो, तो सोड. पण मोठी वाट तीच. दोन नळ्या फुटतात ना, त्यातली उजवी रुंद आणि सरळ, डावी अरुंद आणि आडवी. वरून पडलेली वस्तू सरळ वाटेनं जाते."

दुसरी चोई टाकली, उजवीकडं गेली. तिसरी डावीकडं गेली आणि नाना चटकन म्हणाला, "ही गेली की डावीकडं."

"जाते, नाना. कधीकधी जाते. मी काही जादू दाखवत नाहीये."

हे उत्तर नानाला आवडलं असावं. आपल्या विरुद्धचं खरं कबूल करणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे त्याला माहीत होतं. तो उठला आणि चाळीकडं चालत गेला. पत्र्याच्या खोलीपासून चार हात लांब थांबला, नेहमीच्या जागी.

"वैनी, तुमी गोष्टी सांगता."

"सांगते."

"कोंबडा बोलला म्हनून सांगता."

"बोललाच हुता. पर भावजी, कोंबडा माज्या छातीत न्हाई. चोई हाय."

नानानं मान खाली घातली. "एकदा ह्या जागंवरनं आपलं मानूस उचलून न्यावं लागलं. पुन्यांदा न्यायची माझ्यात ताकद न्हाई, वैनी. लेकरू तर मुठीयेवढं हाय."

"माज्या ध्येनात हाय ते. भाकरी तुमीच ठिवायचा." कडूबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. मग तिनं पदर खोचला. "ऐका. नगरला जाऊ. दुर्बीन घालू द्या. चोई निघाली तर पहिली मांडी माजी. न्हाई निघाली तर बारशाला मी बेलापूरला म्हायेरी जाते. दारातबी उभी ऱ्हानार न्हाई, आन् पुन्ना चोईचं नाव काडनार न्हाई."

"आत्याबाई, आसं काय बोलता!" रतनबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात सुटकाही होती आणि ती सगळ्यांना ऐकू आली.

तेवढ्यात स्नेहल, जिचा आवाज लग्न होऊन आल्यापासून चुलाण्याबाहेर कुणी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "नाना, चोई निघाली तर बाळ मी स्वतः आजींच्या मांडीवर देईन. आई नको म्हणाल्या तरी."

रतनबाईनं वळून बघितलं. सून तिच्या पदराआडून बाहेर येऊन उभी होती.

"चला मंग," नाना म्हणाला. "उद्याच."

कंदुरी झकास झाली. पण त्या दिवशी पंगतीत कुणालाही रश्शाची चव विचारा, तो फोपशाचंच सांगायचा.

*

नगरच्या दवाखान्यात आधी तिला सिटी स्कॅनच्या मोठ्या कड्यातून सरकवून छातीचे फोटो काढले. छातीचे डॉक्टर तरुण होते, पंकजाला शिकवणारे. त्यांनी नाना, आदिनाथ आणि पंकजाला बोलावून संगणकावर बोट ठेवलं.

"उजव्या खालच्या नळीत काहीतरी अडलंय. पंकजा म्हणते तसं बाहेरचं काही असू शकतं. पण ह्या वयात गाठही असते. आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही."

गाठ म्हटल्यावर आदिनाथनं खुर्चीचा हात धरला. तिघांच्या मागं चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कडूबाईला वाटलं होतं, आता पंकजाचाही चेहरा पडणार. पडला. नातीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शंका आली आणि ती कडूबाईलाही लागली. आपणच आपल्याला एक गोष्ट सांगून ठेवली असंल तर? दोन वर्षं? कोंबडा बोलला होता का खरंच?

"साहेब," नाना म्हणाला, "वैनी पहिल्या दिवसापासनं चोई म्हनत्यात."

"मग आधीच्या एकाही कागदावर ते का नाही?"

आदिनाथ पुढं झाला. "मी लिहू दिलं न्हाई, साहेब."

कडूबाईनं मागून लेकाच्या पाठीवर थाप मारली. "लिवा आता, साहेब. झाडाचं नाव बी लिवा. बांबू."

घशात औषधाचा फवारा मारला. जीभ, टाळा, गळा, सगळं दुसऱ्याचं असल्यासारखं बधिर झालं. हाताच्या शिरेत सुई गेली, डोळ्यांवर गुंगी आली, पण कडूबाई मुद्दाम जागी राहिली. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट घडत असताना झोपणं तिला परवडणारं नव्हतं. दुर्बिणीची काळी नळी नाकातनं खाली उतरली आणि बाजूच्या पडद्यावर तिची स्वतःचीच छाती आतून दिसायला लागली.

ओली, गुलाबी विहीर. विहिरीला असावीत तशी एकाखाली एक पांढुरकी कडी. खाली खाली जात विहीर संपली आणि दोन वाटा फुटल्या, मधे धारदार बांध. डॉक्टरांनी आधी डावीकडं बघितलं. स्वच्छ. मग उजवीकडं वळले. वाट सरळ होती, पंकजा म्हणाली होती तशी. एक फाटा वर गेला, एक मधे. खाली निघालेल्या फाट्याच्या तोंडाशी मात्र लालभडक मांस वाढलं होतं आणि त्याच्या कडेनं पिवळा पू झिरपत होता.

"गाठीसारखं दिसतंय," कुणीतरी हळू म्हणालं.

डॉक्टरांनी पाणी मारलं, पू ओढून घेतला. पुन्हा पाणी मारलं. मांसाच्या मधोमध काळा ठिपका दिसला. गाठीला टोक नसतं. ह्याला होतं.

"पंकजा," डॉक्टर म्हणाले, "चिमटा दे."

पडद्यावर एक बारीक चिमटा चोचीसारखा पुढं गेला. धरलं. सुटलं. थोडं रक्त आलं, सगळं धूसर झालं. पुन्हा पाणी. पुन्हा धरलं. कडूबाईला खोकला अनावर झाला, पण तिनं खाटेची कड धरली आणि ती मनातल्या मनात त्या चोईला म्हणाली, "ये बाई, भायेर ये. तुला कुनी बोलनार न्हाई." चिमट्यानं ओढलं, मांस ताणलं गेलं, आणि मग पेन्सिलीचं टोक निघावं तशी ती सुटली. दुर्बीण, चिमटा, चोई, सगळी वरात एकदम विहिरीतून वर चढली.

पांढऱ्या फडक्यावर ठेवली तेव्हा ती काळी पडलेली, एका अंगाला जरा फाटलेली, बोटाच्या दोन पेरांहूनही तोकडी होती. तिच्या पाठोपाठ इतका पू निघाला की आजूबाजूच्यांनी तोंडावरचे मास्क दाबून धरले.

कडूबाईनं श्वास घेतला. तो आत गेला, आणि जातच राहिला. दोन वर्षं जिथं जाऊन अडायचा त्या जागेच्या पलीकडं उतरला. थोडा कुरकुरला, थोडा दुखला, पण उतरला. बंद पडलेल्या खोलीचं दार कुणीतरी लाथेनं उघडावं तसं तिला वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पंकजा मास्कच्या आत हुंदके देत हसत होती.

बाहेर बाकावर नाना एकटा बसला होता. पंकजानं फडक्यावरची चोई आणून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती हातात घेतली नाही. वाकून नुसती बघितली.

"क्षय?"

"नाही नाना. बेडक्यात कधीच जंतू नव्हते. आज आतून धुऊन घेतलेलं पाणीही इथंच लगेच तपासलं, त्यात क्षय आहे का म्हणून. नाही. अडलेल्या काडीमागं पू साठत होता, म्हणून परत परत न्यूमोनिया. आता औषधानं भरून येईल. आणि नाना, क्षय असता तरी आता औषधं आहेत. छपरात ठेवायची गरज तेव्हाही नव्हती, पण ते थोड्याच माणसांना कळत होतं."

नाना उठला. घशाची बधिरता उतरेपर्यंत कडूबाईला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं, ती पडून होती. तो दारात थांबला नाही. चार हात लांब थांबला नाही. सरळ खाटेपाशी गेला आणि तिच्या पायांशी, खाटेवरच बसला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

कडूबाईला बोलता येत नव्हतं. तिनं बोट वर करून, हातवारे करून विचारलं, बघितली का?

"बघितली, वैनी," नाना म्हणाला. "माझं चुकलं."

कडूबाईनं हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मग पुन्हा हातवारे केले: चोई कुठंय? आपल्याला हवी.

"डॉक्टर ठेवून घेतात म्हणाले," पंकजानं सांगितलं. "कॉलेजात पोरांना दाखवायला. वर तुझं नाव लिहिणार आहेत, आजी."

कडूबाईनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. चोई कॉलेजात गेली म्हणजे घराण्यातली दुसरीच ती.

*

बारशाला सगळा गाव लोटला. लेकराचं नाव ऐकायला कमी आणि कडूबाई बघायला जास्त. मांडवात तिला मधोमध पाटावर बसवलं होतं, नवं इरकल नेसवून. खोकला अजून पुरता गेला नव्हता, पण आता तो चारचौघांसारखा होता; एस.टी. थांबवण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता. पत्र्याच्या खोलीतला ताट-तांब्या रतनबाईनं आदल्या दिवशीच स्वतः घासून घरातल्या मांडणीवर लावला होता. दुपारी दोघी एकाच ताटात जेवल्या आणि कडूबाईनं सुनेच्या वाट्याची वडी उचलून खाल्ली.

स्नेहल लेकराला घेऊन आली. तिनं वाकून ते गाठोडं कडूबाईच्या मांडीवर ठेवलं, आणि रतनबाईनं स्वतःच्या हातानं लेकराच्या डोक्याखाली सासूचा हात नीट केला. पोर टकामका बघत होती. कडूबाईनं नाक तिच्या टाळूला लावलं आणि छातीच्या तळापर्यंत श्वास ओढला. तेलाचा, धुरीचा, दुधाचा वास दोन्ही फुप्फुसांच्या पाचही पाकळ्यांत भरून घेतला. कानात नाव आत्यानं, पंकजानं सांगितलं. आनंदी.

"आनंदे," कडूबाई म्हणाली, "तुला भेटायला मला नगरावरनं यावं लागलं गं."

पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या आणि मग बायका सरकत सरकत पाटाभोवती जमल्या. शेजारची भागूबाई सगळ्यांत पुढं.

"कडूबाई, खरं सांगा. काय निगालं भायेर?"

"चोई."

"केवढी?"

कडूबाईनं मांडीवरच्या लेकराकडं बघितलं. दोन्ही हात लेकरात गुंतलेले होते, एक मोकळा करून तिनं तळहात वर उचलला, आणखी वर उचलला. "ही येवढी आसंल बघ."

"आता हे काय खरं वाटत न्हाई बया," भागूबाई म्हणाली. "पंकजा, तू हुतीस ना तिथं? फोटू तरी काडला आसशील."

पंकजानं हातातला मोबाईल पर्समध्ये ढकलला आणि चेन लावली. "चार्जिंग संपलंय."

"मंग नानालाच इचारा," भागूबाईनं मान वळवली. "नाना काय खोटं बोलत न्हाई. नाना ओ! तुमी सोता बघितली नव्हं? केवढी हुती चोई?"

पुरुषसुद्धा बघायला लागले. सूर्यभान नाना विडा लावत बसला होता. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि भावजयीकडं एकदा बघितलं. मग हात पुढं करून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं.

"येवढी. आन् शेंड्याला दोन पानं फुटल्याली. हिरवीगार."

भागूबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"भावजी," कडूबाई म्हणाली, "दोन कुटली? तीन हुती."

"तिसरं डॉक्टरनं ठिवून घेतलं, वैनी."